गुडघ्याला बाशिंग

मराठी भाषेने शरीराच्या ज्या अवयवावर सर्वांत अधिक अन्याय केला असेल तो म्हणजे गुडघा. नाकाकडे तिने घराण्याची अब्रू सोपवली. हाताला कर्तृत्व दिले, छातीला धैर्य दिले, काळजाला तर सिंहाची उपमा बहाल केली. आणि गुडघ्याला काय दिले? माणूस मंद असला की त्याची अक्कल गुडघ्यात! लढाई हरला की त्याने गुडघे टेकले! आणि एखाद्याला नको त्या वेळी नको तेवढी घाई झाली की म्हणायचे, ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!’ जन्मभर साऱ्या देहाचा भार वाहणाऱ्या या बापड्याच्या पदरात मूर्खपणा, पराभव आणि उतावळेपणा एवढीच काय ती बक्षिसी पडली.

गेली बावीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवतो. हे वाक्प्रचार फळ्यावर लिहायचे आणि ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ असे खाली लिहून खडूचे हात झटकायचे, हा माझा दर वर्षीचा नेम. स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे फारसे गेलेले नाही; चार कादंबऱ्या नावावर आहेत, पण त्यांतल्या एकाही नायकाचा गुडघा दुखल्याचे मला आठवत नाही. नायकांची दुखणी काळजाची असतात. ती लिहायला शरीरशास्त्र लागत नाही. तेव्हा गुडघा म्हणजे काय हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. ते शिकवले माझ्या शाळेतल्या अकरावीच्या एका मुलीच्या गुडघ्याने. आणि त्या बाशिंगाच्या म्हणीचा अर्थही त्याच वेळी मला जरा निराळा कळला.

पण आधी गुडघ्याची ओळख करून घेऊ. खुब्याचा सांधा पाहा. वाटीत चेंडू बसवावा तसा तो खोल, सुरक्षित असतो. गुडघ्याचे तसे नाही. वरून मांडीचे हाड येते, त्याच्या टोकाला दोन गोल उंचवटे. खालून नडगीचे हाड येते, ते वरच्या अंगाला जवळजवळ सपाट. पाटावर दोन लिंबे ठेवली तर ती जेवढी स्थिर राहतील तेवढीच ही हाडे स्वतःच्या बळावर एकमेकांवर राहतील. लिंबे घरंगळू नयेत म्हणून निसर्गाने मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या घातल्या आणि मग सारे प्रकरण दोरांनी आवळून बांधले. दोन दोर दोन बाजूंना, आणि दोन सांध्याच्या पोटात, एकमेकांना छेदून जाणारे. या आतल्या दोघांतला पुढचा जो दोर, त्याची लांबी जेमतेम सव्वा इंच. नडगी मांडीच्या पुढे सरकू द्यायची नाही आणि पाय रोवलेला असताना सांध्याला भलता पीळ पडू द्यायचा नाही, ही त्याची चाकरी. डॉक्टर त्याला ‘एसीएल’ म्हणतात. कबड्डीच्या मैदानावरची पोरे नुसते ‘लिगामेंट’ म्हणतात. ‘त्याचं लिगामेंट गेलं’ हे वाक्य आमच्याकडे ‘त्याची बाग गारपिटीत गेली’ याच सुरात उच्चारले जाते.

आमचे गाव तासगाव तालुक्यातले. द्राक्षाच्या बागा, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर आणि बारा महिने कबड्डी, अशी आमची संपत्ती. शाळेत क्रीडाशिक्षक एकच. त्यामुळे मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की त्यांच्याबरोबर शिवणाच्या बाई आणि मी अशी दोन बिगरखेळाडू माणसे पाठवली जातात. बाई पाण्याच्या बाटल्या मोजतात आणि मी मुली मोजतो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टातली गोष्ट. तालुक्याची स्पर्धा होती. आमची ही मुलगी चढाईला गेली, कोपऱ्यावरच्या खेळाडूला हात लावला आणि परत फिरली. तिला कोणी धरले नव्हते, कोणी ओढले नव्हते. डावा पाय मॅटवर रोवला, अंग मध्यरेषेकडे वळले, आणि पाऊल तेवढे जागच्या जागी राहिले. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाल्याचे ती नंतर सांगत असे. पडता पडता तिने हात लांबवून मध्यरेषा गाठली. पंचांनी गुण दिला. टाळ्या वाजल्या. ती मात्र उठली नाही.

मोठे नवल वाटले मला. धडक नाही, झटापट नाही आणि एवढी दुखापत! पुढे कळले की बहुतेकांचा हा दोर असाच तुटतो. धावता धावता एकदम थांबणे, उडीवरून एका पायावर उतरणे, पाय रोवून अंग फिरवणे, एवढे त्याला पुरते. मातीच्या मैदानात पाऊल थोडे घसरते आणि ते घसरणेच गुडघ्याला वाचवते. मॅटवर बूट घट्ट धरून राहतो, आणि जो पीळ पावलाने सोडायचा तो गुडघ्याला घ्यावा लागतो. फुटबॉल, बास्केटबॉल अशा खेळांत मुलींना हा धोका मुलांच्या दुपटी-तिपटीने असतो असेही आढळले आहे. कंबरेच्या ठेवणीपासून संप्रेरकांपर्यंत त्याची अनेक कारणे सांगतात. त्यांतले खरे-खोटे करण्याचा माझा अधिकार नाही. पण मुलगा दहा वर्षांचा झाला की त्याला तालमीत बैठका मारायला धाडणारे आमचे गाव त्याच वयाच्या मुलीला पाणी भरायला धाडते, हे तर मी रोज पाहतो. मांडीत बळ यायचे ते कोणत्या वाटेने?

दोन तासांच्या आत गुडघा नारळाएवढा झाला. इतक्या झटपट सूज येते ती बहुधा सांध्यात रक्त उतरल्यामुळे. घरी नेल्यावर रीतीप्रमाणे आंबेहळदीचा लेप झाला. हाडवैद्याला बोलवायचे घाटत होते, पण मुलीच्या वडिलांनी ठाम नकार दिला. ‘बिनबघता वढायचं न्हाई,’ एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांनी गुडघा थोडा वाकवून मांडी एका हाताने धरली, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहिली. ती खण उघडावा तशी पुढे आली. मग एम. आर. आय. झाला. पुढचा दोर पुरता तुटला होता. एका गादीला लहानशी चीर होती.

शस्त्रक्रिया केलीच पाहिजे काय, असे मी विचारले. डॉक्टर माणूस मोठा सरळ. ते म्हणाले, ‘सगळ्यांनाच लागते असं नाही.’ आणि त्यांनी स्वीडनमधल्या एका अभ्यासाची हकीकत सांगितली. तिथे तरुण, हालते-चालते १२१ रुग्ण घेऊन त्यांचे दोन गट केले. एका गटाची शस्त्रक्रिया लगेच केली. दुसऱ्याला नुसता व्यायाम दिला आणि गरज पडली तरच पुढे शस्त्रक्रिया. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत सांगण्यासारखा फरक नव्हता, आणि व्यायामवाल्या ५९ जणांपैकी २३ जणांनाच तोवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. ‘शेतात काम करायचं, सायकल चालवायची, तर व्यायामावर निभावतं पुष्कळांचं,’ डॉक्टर म्हणाले, ‘पण हिला पाय रोवून गर्रकन फिरायचं आहे. तेही वर्षानुवर्षे. शिवाय गादी वाचवायची आहे.’ मग त्यांनी मुलीकडे पाहून विचारले, ‘काय ग, खेळायचंय ना?’ तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आले ते तेव्हा. मैदानावर आले नव्हते.

सूज उतरून गुडघा पुन्हा सरळ होऊ लागेपर्यंत महिनाभर थांबले आणि सप्टेंबरच्या अखेरीस दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. तिच्याच मांडीच्या मागच्या बाजूच्या स्नायूची दोरी काढून, हाडांत बोगदे पाडून, तुटलेल्या दोराच्या जागी ती बसवली. हे सारे मी तिच्या वडिलांना दवाखान्याबाहेर चहा पिताना समजावून सांगत होतो. माझे शब्द अडखळत होते. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘म्हंजे कलम केलं म्हणा की, गुरुजी. खुंट तिचाच, काडीबी तिचीच.’

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. चार कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला जी उपमा सापडली नाही ती या द्राक्षबागायतदाराच्या तोंडून चहाच्या घोटाबरोबर सहज बाहेर पडली!

आणि उपमा तरी केवढी नेमकी! कलमाची काडी बांधली म्हणजे काही वेल झाला नाही. गुडघ्यात बसवलेली दोरीही पहिल्याने केवळ बांधलेली असते. तिचा मूळचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यातल्या पेशी आधी मरतात. मग आजूबाजूने बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात, जुने तंतू काढून नवे विणतात. हे विणकाम महिनोन्‌महिने चालते, वर्षाच्याही पुढे जाते. यातली खरी मेख अशी, की बसवल्या दिवशी ती दोरी जेवढी मजबूत असते तेवढी पुढे काही काळ राहतच नाही. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास ती सर्वांत दुबळी असते. आणि नेमके याच सुमारास काय होते? सूज गेलेली असते. टाके केव्हाच निघालेले असतात. कुबड्या माळ्यावर पडलेल्या असतात. दुखणे जवळजवळ थांबलेले असते!

एरवी दुखणे हे आपल्या ओळखीचे पंचांग आहे. दुखते तोवर जपावे, थांबले की कामाला लागावे, हे आपल्याला आजीने शिकवले, तिला तिच्या आजीने. काटा, ठेच, गळू, ताप, साऱ्यांना हे पंचांग लागू पडते. या कलमी गुडघ्याला ते लागू पडत नाही. इथे वेदना आधी निरोप घेते आणि दुबळेपणा मागे मुक्काम करून राहतो; तो बोलत नाही, ठणकत नाही, कोणाला दिसत नाही.

दिसते ती फक्त मांडी. दुसऱ्या महिन्यात मुलीने मला आपल्या मांडीच्या घेराची वही दाखवली. उजव्या आणि डाव्या मांडीत चांगला दोन बोटांचा फरक होता. सुजलेल्या सांध्याकडून जे संदेश मज्जारज्जूला जातात ते मांडीच्या पुढच्या स्नायूला जणू झोपवून ठेवतात. मन आज्ञा करते आणि मांडी ऐकत नाही. त्या झोपलेल्याला जागे करणे हेच पुढचे सारे उपचार. मिरजेच्या फिजिओ मॅडमनी तिला पहिला व्यायाम दिला तो असा, की पाहणाऱ्याला हसू यावे. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्याने खाली दाबायची. बस्स! ज्या पोरीने जिल्ह्यातल्या धिप्पाड पकडींमधून उसळी मारून मध्यरेषा गाठली, ती रोज सकाळी ओसरीवर बसून टॉवेल दाबत होती. पुढे टाच सरकवणे आले, भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे आले, उंबऱ्यावर एका पायाने चढणे-उतरणे आले. शेजारपाजारच्या बायका म्हणत, ‘एवढं लाखाचं आपरेशन आन्‌ ही उंबऱ्याशी खेळत बसलीय!’

पाचव्या महिन्यात घात झाला असता. फेब्रुवारीत जिल्हा संघाची निवड चाचणी निघाली. राज्य स्पर्धेचे प्रमाणपत्र म्हणजे आमच्या मुलींना केवढे असते, हे शहरातल्या वाचकांना चटकन उमगणार नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्या दारातून आत जायचे तर ठरावीक दर्जाच्या स्पर्धेत खेळल्याचा कागद लागतो. एक कागद, आणि त्याच्या पलीकडे पोलिसाची वर्दी, स्वतःचा पगार, स्वतःचे नाव. मुलगी माझ्याकडे आली. ‘सर, आता काहीच दुखत नाही,’ म्हणाली आणि वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात तिने मला चार बैठका मारून दाखवल्या. मंडळाच्या प्रशिक्षकाचेही म्हणणे पडले की चाचणीपुरते खेळू द्यावे. फार तर गुडघ्याला पट्टा बांधू.

मी तिला विनेश फोगाटची गोष्ट सांगितली. २०१६ साली रिओच्या आखाड्यात उपांत्यपूर्व फेरीत तिचा गुडघा असा दुखावला की तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये सरावात पुन्हा गुडघ्याने दगा दिला. महिन्याभरावर आशियाई स्पर्धा होत्या, पदक राखायचे होते. तिने त्या सोडल्या आणि मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली. आणि ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये तिने जपानच्या युई सुसाकीला हरवले, जिने आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर हार म्हणून पाहिली नव्हती. त्याच दिवशी ती अंतिम फेरीत पोचली. पुढे शंभर ग्रॅम वजनापायी जे झाले ते साऱ्या देशाने पाहिले. पण गुडघा? गुडघ्याने तिला कमी केले नव्हते. ‘तिने आधी एक स्पर्धा सोडली,’ मी म्हणालो, ‘म्हणून दुसरी तिला मिळाली.’

मुलीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘खरंय सर. पण आमच्या चुलतीला विनेश माहीत नाही.’

मग हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. दवाखान्यातून आल्या दिवसापासून घरात कुजबुज सुरू झाली होती. पोरीचा पाय अधू झाला, आता खेळ संपला. पायावरचे व्रण पाहून कोण करून घेणार? तेव्हा बारावीचे निमित्त सांगत बसण्यापेक्षा अठरा पुरी झाली की उरकून टाकावे. चुलतीने पलूसकडचे एक स्थळही आणून ठेवले होते. या चाचणीत नाव आले तर बोलणी थांबतील; नाही आले तर थांबवायला काही कारणच उरणार नाही. पोरगी धावत होती ती कबड्डीकडे नव्हे. मागून जे येत होते त्याच्यापासून ती पळत होती. आणि मी वर्गात सांगत आलो होतो की बाशिंग गुडघ्याला बांधतो तो नवरा उतावळा! इथे बाशिंग घेऊन सारे घर मागे लागले होते, आणि बांधून घ्यायचा तो गुडघा पाच महिन्यांचा होता.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वडील बागेतून नुकतेच आले होते. मी त्यांना आकडे सांगितले. नॉर्वेतल्या संशोधकांनी असा दोर बदललेल्या १०६ जणांवर दोन वर्षे नजर ठेवली; २०१६ साली ते प्रसिद्ध झाले. नऊ महिने पुरे होईपर्यंत परतणे जितके महिने लांबवावे, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण निम्म्याने घटत गेले. मांडीचे बळ आणि एका पायावरच्या उड्या यांच्या कसोट्या न उतरताच जे मैदानात गेले त्यांतल्या ३८.२ टक्के लोकांचा गुडघा पुन्हा दुखावला. उतरून गेले त्यांतल्या ५.६ टक्क्यांचा. आणि वय जितके कोवळे तितका धोका मोठा. निरनिराळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानात परततात, त्यांच्यांत सुमारे २३ टक्क्यांचा हा किंवा दुसऱ्या पायाचा दोर पुन्हा तुटतो.

आजी दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. चुलती आतून ऐकत असावी. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, आकडे बाजूला सारल्यासारखा हात करून ते म्हणाले, ‘गुरुजी, कलम फुटलं म्हणून त्याच साली घड धरत न्हाईत. धरला तर वेल खचतो.’ आणि आतल्या दाराकडे तोंड करून, आवाज न चढवता म्हणाले, ‘औंदा चाचणी न्हाई. आन्‌ औंदा स्थळबी न्हाई. दोन्ही फुडल्या सालाला बघू.’

वाचकहो, गुडघा कसा बरा होतो, असे मला कोणी विचारले तर मी त्या वाक्याकडे बोट दाखवीन. दुर्बीण खरी, डॉक्टरांचे कसब खरे, फिजिओ मॅडमचा टॉवेल खरा. पण या साऱ्यांना लागणारे जे औषध, ते दवाखान्यात मिळत नाही. ते म्हणजे वेळ. ती घराने द्यावी लागते. दुखते आहे तोवर सगळेच देतात. दुखणे थांबल्यावर, माणूस चालता-फिरता दिसू लागल्यावर, देणाऱ्याची खरी परीक्षा होते. मोठ्या खेळाडूच्या पाठीशी संघ असतो, पैसा असतो, वाट पाहणारा चाहता असतो. खेड्यातल्या मुलीच्या पाठीशी बापाचे एक ‘औंदा न्हाई’ असते.

ती चाचणी तिने गुणफलकाशेजारी बसून पाहिली. गुण लिहिण्याचे काम तिने मागून घेतले होते. सामना संपल्यावर वहीतली तिची अक्षरे मी पाहिली. पहिल्या पानावर ती कागद फाडतील अशी दाबून लिहिलेली होती, शेवटच्या पानावर नेहमीसारखी सुबक.

पुढचे महिने रुक्ष गेले. अशा बरे होण्यात सांगण्याजोगे काही घडत नाही. तोच उंबरा, तीच मांडी, वहीत सुताने वाढणारा घेर. मेमध्ये ती सरळ रेषेत धावू लागली. जूनमध्ये दोन्ही पायांनी उडी, मग एका पायाने. आणि इथे एक नवेच दुखणे निघाले. मांडी तयार झाली होती, मन तयार नव्हते. डावा पाय रोवून वळायचे म्हटले की ती आपोआप उजव्यावर जायची. फिजिओ मॅडमना याचे मुळीच नवल वाटले नाही. जगभरचे हिशेब पाहिले तर असा दोर बदललेल्यांपैकी साधारण ८१ टक्के कोणत्या ना कोणत्या खेळात परततात, पण स्पर्धेच्या मैदानात परततात ते ५५ टक्केच. आणि मागे राहिलेल्यांत पुष्कळांना गुडघ्यापेक्षा भीतीने मागे ठेवलेले असते. त्यांनी भीतीवरही व्यायामच दिला. आधी चालत वळ, मग हळू धावत, मग कोणी समोर उभे असताना, मग कोणी अंगावर येत असताना. भीतीला टॉवेलवर बसवून रोज थोडी थोडी दाबायची, दुसरे काय!

ऑगस्टात, शस्त्रक्रियेला साडेदहा महिने झाल्यावर, मिरजेत तिची कसोटी झाली. एका पायावर उडी मारून अंतर मोजायचे. दुखऱ्या पायाचे अंतर चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरले पाहिजे. तिचे चौऱ्याण्णव भरले. मला तो आकडा तिच्या दहावीच्या मराठीच्या गुणांपेक्षा अधिक बरा वाटला, आणि त्या गुणांना मी स्वतः जबाबदार होतो.

त्या वर्षी ती खेळली. जिल्हा संघात राखीव म्हणून तिचे नाव आले. राज्य स्पर्धेत एका सामन्यात शेवटची सात मिनिटे मैदानात उतरली आणि दोन गुण घेऊन आली. वर्तमानपत्रात यायला एवढे पुरत नाही. आता बारावी होऊन ती पोलीसभरतीची तयारी करते. आठशे मीटर धावते, गोळा फेकते. पलूसच्या त्या मुलाचे लग्न केव्हाच होऊन गेले. चुलती तिच्या ओल्या कपड्यांबद्दल अजूनही कुरकुरते, पण भल्या पहाटे भाकरी बांधून देते तीच.

आणखी एक काम ती करते, तेही कोणी न सांगता. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पाचवी-सहावीच्या मुली गोळा करते आणि त्यांना उडीवरून उतरायला शिकवते. फुटबॉलवाल्यांनी २००६ साली वीस मिनिटांच्या सरावाची एक पद्धत बसवली. तिचे नाव ‘११ प्लस’. पळणे, तोल, मांडीचे बळ आणि उडीवरून नीट उतरणे, एवढाच तिचा मसाला. नॉर्वेत मुलींच्या संघांवर तिची मोठी चाचणी झाली, २००८ साली निकाल आला, आणि जबर दुखापतींचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर उतरलेले दिसले. फिजिओ मॅडमनी ते सारे कागद हिला काढून दिले. हिने त्यांचे आपल्या भाषेत तीन नियम केले: गुडघा वाकवून उतरायचे, गुडघा आत पडू द्यायचा नाही, अंगठ्याच्या रेषेत ठेवायचा, आणि पाऊल टेकल्याचा आवाज आला तर ती उडी बाद. ‘मांजरीवानी उतरा ग!’ हे तिचे पालुपद.

सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत मी परवा संध्याकाळी वर्गात बसलो होतो. बाहेर अगदी शांत होते. दिवाळीच्या सुट्टीला मुली आधीच पांगल्या की काय, असे वाटून मी शिपायाला हाक मारली आणि मैदान रिकामे का, म्हणून विचारले.

‘रिकामं कुठलं, सर?’ तो म्हणाला. ‘वीस-बावीस पोरी उड्या मारत्यात मघापास्नं.’